थंड प्रदेशाच्या प्रवासाला निघताना

(पहाडगंज, नवी दिल्ली येथे मराठी श्रोत्यांपुढे अनुवादिकेने दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आरंभीच एक कबुली देणे मला प्राप्त आहे. मी वैद्य नाही, गिर्यारोहक नाही, सैन्याशीही माझा कधी संबंध आला नाही. मराठी विषय घेऊन मी एम. ए. झाले आणि गेली वीस वर्षे परभाषेतील पुस्तके मराठीत आणण्याचे काम करीत आहे. अतिशीत प्रदेशातील मानवी जीवनाविषयीच्या ज्या पुस्तकाचा अनुवाद मी नुकताच पुरा केला, त्याच्या निमित्ताने आपण मला येथे बोलावले. आपणांपैकी काही जण येत्या जानेवारीत लडाखला जाणार आहेत असेही मला कळविण्यात आले. तेव्हा अनुवादाच्या अडचणींची चर्चा करण्यापेक्षा, हा अनुवाद करताना मी जे शिकले आणि जे शिकण्यास मला फार उशीर झाला, ते आपणांस सांगावे, असे मी ठरविले आहे.

या विषयासाठी पहाडगंजाइतके योग्य स्थान दुसरे नाही. नूतन मराठी शाळा आणि बृहन्महाराष्ट्र भवन यांच्यामुळे दिल्लीतील मराठी माणसाची पावले या भागाकडे नेहमीच वळत आली आहेत. शिवाय नवी दिल्ली स्थानकाचे एक दार पहाडगंजात उघडते. हिवाळ्यातील एखाद्या पहाटे त्या दाराबाहेर उभे राहावे. मुंबई-पुण्याकडून आलेली मंडळी सामान सांभाळीत बाहेर पडतात, एखाद्या लॉजमध्ये रात्र काढतात आणि दुसऱ्या दिवशी मनाली, सिमला अथवा लेहची वाट धरतात. डोक्याला कानटोपी, गळ्याला मफलर, अंगात सुती बनियन, त्यावर सुती सदरा, त्यावर लग्नात मिळालेला स्वेटर आणि पायांत कॅनव्हासचे जोडे. दिल्लीच्या थंडीने दात वाजू लागले की मुख्य बाजारातील पदपथावर टांगलेले एखादे फुगीर जाकीट घासाघीस करून घ्यावयाचे आणि आपली तयारी पूर्ण झाली असे समजावयाचे, हा तेथील नित्याचा क्रम होय. मीही एकेकाळी याच मंडळींतील एक होते.

आपली भाषा आपल्या हवेतून घडलेली असते. मराठीत आपल्याला थंडी 'वाजते'. आपण गारठतो, काकडतो, कुडकुडतो. अंगात हीव भरते, हुडहुडी भरते. शब्द अनेक आहेत, परंतु ते सारे ज्या थंडीचे वर्णन करतात ती पहाटे पडते आणि दहा वाजेपर्यंत उन्हाबरोबर ओसरते. निफाडला पारा दोन-तीन अंशांवर उतरला की वर्तमानपत्रांत ठळक बातमी येते आणि द्राक्षबागांत शेकोट्या पेटतात. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी दव गोठले की लोक ते पाहावयास जातात. मुंबईकरांना २२ जानेवारी १९६२ या दिवसाचे अद्याप अप्रूप वाटते, कारण त्या दिवशी तेथे ७.४ अंश सेल्सियस इतके तापमान नोंदले गेले. जानेवारीत लेहला भरदुपारीदेखील इतकी ऊब क्वचितच लाभते आणि तेथील रात्र शून्याखाली पंधरा, कधी वीस अंशांपर्यंत उतरते. थोडक्यात, आपणांस ठाऊक असलेली थंडी ही गैरसोय असते. तेथील थंडी हा धोका असतो. हा भेद ध्यानी न आल्यामुळेच बहुतेक अपघात होतात.

असे अज्ञान केवळ आजच्या पर्यटकाचे आहे असे मात्र नव्हे. दख्खनच्या हवेत वाढलेल्या मराठी फौजेने नोव्हेंबर १७६० ते जानेवारी १७६१ हा काळ पानिपतच्या उघड्या मैदानावर काढला. अन्नाची टंचाई आणि उत्तरेचा हिवाळा या दोहोंशी एकाच वेळी झुंजत हे लोक १४ जानेवारीच्या रणास सामोरे गेले. पराभवाची कारणे इतिहासकारांनी पुष्कळ सांगितली आहेत आणि त्यांत मी भर घालू इच्छीत नाही. तथापि उपाशी शरीराला स्वतःची ऊबही निर्माण करता येत नाही, हे शरीरशास्त्राचे सत्य त्या प्रसंगी मनात आल्यावाचून राहत नाही.

त्यानंतरचे उदाहरण आनंदीबाई जोशी यांचे. १८८३ साली अठरा वर्षांच्या आनंदीबाई वैद्यकीचे शिक्षण घेण्यासाठी अमेरिकेस गेल्या. आपला वेष आणि आपला आहार सोडावयाचा नाही, असा त्यांचा निश्चय होता. परंतु नऊवारी लुगड्यात पोटऱ्या उघड्या राहतात आणि फिलाडेल्फियाचा हिवाळा संकल्पाला जुमानीत नाही. तेव्हा त्यांनी गुजराती पद्धतीने साडी नेसण्याचा मार्ग काढला. वेष भारतीयच राहिला, पाय मात्र झाकले गेले. मला या तोडग्याचे फार कौतुक वाटते. मार्च १८८६ मध्ये त्यांना पदवी मिळाली आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात क्षयाने त्यांचा अंत झाला. क्षय जंतूंमुळे होतो. त्याचे खापर केवळ थंडीवर फोडणे शास्त्राला धरून होणार नाही. परंतु अपुरा आहार, अपरिचित हवा आणि अपार श्रम यांनी ते कोवळे शरीर खंगत गेले, एवढे निश्चित म्हणता येईल.

तिसरे उदाहरण १९६२ सालचे. ऑक्टोबर महिन्यात नामका चू नदीच्या खोऱ्यात आपले जवान उभे केले गेले तेव्हा त्यांपैकी अनेकांच्या अंगावर उन्हाळी सुती गणवेश होते आणि पायांत कॅनव्हासचे जोडे होते. ही हकीकत पुढे प्रसिद्ध झाली आणि देशाला तिची लाज वाटली. घरोघरी स्त्रियांनी जवानांसाठी स्वेटर विणावयास घेतले. त्याच नोव्हेंबरात यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीत आले आणि हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, असे महाराष्ट्र अभिमानाने म्हणू लागला. त्या वाक्यातील अभिमान योग्यच आहे. परंतु सह्याद्रीने हिमालयाकडे जाताना कोणते कपडे घालावेत, हा प्रश्न त्या अभिमानाने सुटत नाही.

याउलट, तयारी नीट असली तर काय घडते याचेही उदाहरण आपल्याच लोकांत आहे. नागपूरला जन्मलेल्या डॉ. अदिती पंत या गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील संशोधिका. १९८३-८४ च्या तिसऱ्या भारतीय मोहिमेतून त्या आणि डॉ. सुदीप्ता सेनगुप्ता अंटार्क्टिकावर गेल्या. त्या खंडावर पोहोचलेल्या या पहिल्या दोन भारतीय स्त्रिया होत. आजही भारताच्या ध्रुवीय संशोधनाचे मुख्य केंद्र गोव्यात, वास्को येथे आहे. ज्या भूमीत स्वेटरची पेटी वर्षानुवर्षे उघडावी लागत नाही, तेथून माणसे पृथ्वीवरील सर्वांत थंड खंडाकडे रवाना होतात. परंतु ती तशीच उठून जात नाहीत. हिमालयातील औली येथे त्यांना बर्फाचा सराव दिला जातो आणि त्यांचे कपडे विचारपूर्वक ठरविले जातात. समुद्रकाठच्या माणसालाही अतिशीत प्रदेशात सुखरूप राहता येते. त्यासाठी जन्मभूमी थंड असण्याची आवश्यकता नाही. शिकण्याची तयारी तेवढी असली पाहिजे.

आता शिकावयाचे काय, ते पाहू.

पहिली गोष्ट ही की, ऊब कापडात नसते. कापड स्वतः उष्णता निर्माण करीत नाही. उष्णता आपले शरीर निर्माण करते. कापड ती केवळ अडवून धरते, आणि तेही स्वतःच्या बळावर नव्हे, तर आपल्या धाग्यांत अडकलेल्या स्थिर हवेच्या बळावर. स्थिर हवेतून उष्णता फार सावकाश वाहते. हे तत्त्व आपल्या आजीला शब्दांत सांगता आले नसते, पण हातांना ठाऊक होते. गोधडी म्हणजे काय? जुन्या लुगड्यांचे पदरावर पदर ठेवून त्यांना घातलेले टाके. प्रत्येक पदर झिजून तलम झालेला असतो, तरीही दोन पदरांमध्ये हवा अडकते आणि एका जाड चादरीपेक्षा पाच पातळ पदरांची गोधडी अधिक ऊब देते. धनगरांची घोंगडीही अशीच. तिच्या राठ लोकरीच्या जाळीत हवा साठते आणि पावसाचे पाणी वरच्यावर निथळून जाते. जगभरच्या शीतप्रदेशांतील पेहरावाचे शास्त्र गोधडी आणि घोंगडी यांच्या बाहेर फारसे गेलेले नाही. फरक आहे तो एवढाच की, गोधडी पांघरून आपण निजतो आणि तेथे गोधडी अंगावर घेऊन चालावे लागते.

म्हणून एका जाड कपड्याऐवजी तीन प्रकारचे थर असावेत. अंगालगतच्या थराचे काम घाम त्वचेपासून दूर नेणे हे होय. मधल्या थराचे काम हवा साठवून ठेवणे. येथे लोकर, फ्लीस अथवा पिसे भरलेले जाकीट उपयोगी पडते. बाहेरच्या थराचे काम वारा आणि हिम अडविणे. तो जाड असण्याची गरज नाही, परंतु त्यातून वारा आरपार जाता कामा नये. वाऱ्याला आपण कमी लेखतो. शून्याखाली दहा अंश तापमान असता ताशी चाळीस किलोमीटर वेगाने वारा वाहू लागला तर उघड्या त्वचेला ते शून्याखाली एकवीस अंशांसारखे भासते. स्थिर हवेचे जे अदृश्य वस्त्र आपल्या अंगाभोवती असते, ते वारा क्षणोक्षणी हिरावून नेतो.

दुसरी गोष्ट सुती कापडाची. मुंबईच्या उकाड्यात जो गुण असतो तोच तेथे दुर्गुण ठरतो. सूत घाम शोषून घेते आणि धरून ठेवते. ओल्या कापडातील हवेची जागा पाणी घेते, आणि पाणी हवेपेक्षा सुमारे पंचवीस पट अधिक उष्णता वाहून नेते. चढावर चालताना भिजलेला बनियन विश्रांतीसाठी थांबताच बर्फाच्या पट्टीसारखा पाठीला चिकटतो. जीन्सची विजारही सुतीच असते, हे तरुणांनी विसरू नये. लोकरीचे तसे नाही. ती आपल्या वजनाच्या जवळजवळ एकतृतीयांश इतकी आर्द्रता शोषूनही ओलसर लागत नाही आणि भिजल्यावरही बरीचशी ऊब राखते. तेव्हा अंगालगत सुती कपडा मुळीच नको. बारीक लोकरीचा किंवा घाम चटकन सोडणाऱ्या कृत्रिम धाग्याचा असावा.

यातूनच तिसरी गोष्ट निघते. घाम येऊ देऊ नये. अति तेथे माती, ही म्हण येथे अक्षरशः लागू पडते. निघताना सगळे कपडे अंगावर चढवून चालू लागणारा माणूस अर्ध्या तासात आतून भिजतो. चालावयास लागण्यापूर्वी किंचित थंडी वाजत असावी, हा अनुभवी लोकांचा संकेत आहे. चढ लागला की एक थर काढावा. थांबलो की घाम सुकण्याची वाट न पाहता तो पुन्हा चढवावा. काढण्या-घालण्याचा आळस करू नये. ध्रुवप्रदेशातील इनुइट लोक रेनडियरच्या कातड्याचे दोन सैल पेहराव वापरीत. आतल्याची लव अंगाकडे आणि बाहेरच्याची लव बाहेर. नॉर्वेचा संशोधक आमुंडसेन १९०३ ते १९०५ या काळात त्यांच्या शेजारी राहिला, त्यांच्यापासून हे कपडे शिकला आणि १४ डिसेंबर १९११ रोजी दक्षिण ध्रुवावर पोहोचला. त्याच्या यशाची कारणे अनेक आहेत, परंतु स्थानिक माणसाला गुरू मानण्यात त्याला कमीपणा वाटला नाही, हे त्यांपैकी एक होय.

आपणांसही असे गुरू लाभणार आहेत. लडाखी माणसाचा गोंचा पाहा. जाड लोकरीचा, घोळदार, कमरेला पट्ट्याने आवळलेला. वरच्या भागात हवा कोंडलेली आणि खालून वारा शिरण्यास वाव नाही. काश्मिरी फेरन सैल असतो तोही याच कारणासाठी. जी मंडळी असे कपडे पिढ्यान्‌पिढ्या वापरीत आली, त्यांनी सांगितलेला शब्द छापील माहितीपत्रकापेक्षा अधिक मोलाचा मानावा.

आता मी या व्याख्यानाच्या मूळ कारणाकडे येते. ते सांगणे मला सुखाचे नाही.

काही वर्षांपूर्वी माझा मावसभाऊ आपल्या मित्रांबरोबर लडाखला गेला. जानस्कार नदी हिवाळ्यात गोठते आणि तिच्या पाठीवरून चालत जाण्याची हौस महाराष्ट्रातील तरुणांत फार आहे. निघण्याच्या आदल्या रात्री तो पहाडगंजातील एका लॉजवर उतरला होता. मी त्याच्यासाठी घरून पोळ्या आणि शेंगदाण्याची चटणी घेऊन गेले. त्याने मला आपले नवे जोडे दाखविले. पायांना घट्ट बसावेत असे ते होते आणि त्यांत तो तीन पायमोजे घालणार होता. मला ते चांगले वाटले. गप्पांच्या ओघात, एका जुन्या पुस्तकात वाचलेली गोष्ट मी त्याला मोठ्या ऐटीने सांगितली: बोटे बधिर झाली तर त्यांवर बर्फ चोळावे, म्हणजे रक्त पुन्हा खेळू लागते.

चौथ्या दिवशी त्याचा पाय पातळ बर्फातून पाण्यात गेला. मुक्कामावर पोहोचेपर्यंत त्याने जोडा काढला नाही. पाय दुखत नव्हता, म्हणून तो निर्धास्त होता. रात्री जोडा काढला तेव्हा दोन बोटे मेणासारखी पांढरी आणि कठीण झालेली होती. त्याला माझे शब्द आठवले. त्याने बर्फ चोळले, मग पाय शेकोटीजवळ धरला. पुढे ती दोन्ही बोटे अर्धी कापावी लागली.

डॉक्टरांनी त्याला सांगितले की, घट्ट जोडा, भिजलेले मोजे आणि उशीर हीच मुख्य कारणे. चोळण्याने आणि आगीने मात्र हानी वाढली. त्याने मला कधी एका शब्दानेही दोष दिला नाही. तो आजही चालतो, डोंगरही चढतो. परंतु ते वाक्य मी सांगितले होते, ही गोष्ट काही केल्या बदलत नाही.

यानंतर हे पुस्तक माझ्याकडे अनुवादासाठी आले. मूळ ग्रंथ बराच जुना आहे, लेखक अधिकारी आहे आणि त्याच्या बहुतेक विधानांना आजही बाध आलेला नाही. अर्धे काम झाल्यावर एका पानावर तेच वाक्य समोर आले. बधिर अवयवावर बर्फ चोळावे. मी त्या दिवशी पुढे एक ओळही लिहू शकले नाही.

या समजुतीचा मी शोध घेतला. नेपोलियनचा शल्यवैद्य लारे हा १८१२ च्या रशियाच्या मोहिमेत सैन्याबरोबर होता. दिवसभर गोठलेले सैनिक रात्री शेकोटीभोवती गर्दी करीत आणि दुसऱ्या दिवशी त्यांचे अवयव पुन्हा गोठत. अशांचे हातपाय सडत असल्याचे त्याने पाहिले. त्याचे निरीक्षण खरे होते. परंतु दोष उष्णतेचाच, असा निष्कर्ष त्याने काढला आणि बर्फ चोळण्याचा सल्ला दिला. वस्तुतः घात होत होता तो आगीच्या प्रखर धगीने आणि वितळलेला अवयव पुन्हा गोठण्याने. थोर माणसाचा हा सल्ला पाठ्यपुस्तकांतून शंभर वर्षांहून अधिक काळ चालत राहिला. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर तो मागे पडला, परंतु जुन्या पुस्तकांतून आणि माझ्यासारख्यांच्या तोंडून तो अद्याप हिंडतो आहे.

अनुवादकाने मूळ लेखकाशी प्रामाणिक राहावे, असे आम्हांला शिकविले जाते आणि ते योग्य आहे. लेखकाचे वाक्य बदलण्याचा अधिकार मला नाही. तथापि ज्या वाक्याने माणसाची बोटे जातात, ते वाक्य मराठीत निर्वेधपणे येऊ देण्याचा अधिकार तरी मला आहे काय? मी माझी अडचण प्रकाशनसंस्थेच्या संपादकांपुढे मांडली. वाक्य जसेच्या तसे ठेवावे आणि त्याच पानाच्या तळाशी, ग्रंथाच्या शेवटी नव्हे, तर त्याच पानावर, ते चूक असल्याचे स्पष्ट लिहावे, असे ठरले. वाचक शेवटची पाने उघडतोच असे नाही. आणि संकटात सापडलेला माणूस तर मुळीच उघडत नाही.

आणखी एका शब्दाने मला अडविले. आपण या विकाराला 'हिमदंश' म्हणतो. शब्द सुबक आहे, रूढ आहे, म्हणून मीही तोच ठेवला. परंतु दंश म्हटला की विंचू आठवतो, साप आठवतो. कळ आली की कळेलच, असे वाटते. हिमदंश तसा नसतो. आरंभी बोटांत टोचते, मुंग्या येतात, आणि मग सारे शांत होते. ती शांतता हेच त्याचे लक्षण. दुखावयाचे थांबले म्हणून माझा भाऊ निर्धास्त झाला. वस्तुतः त्याच क्षणी त्याने थांबावयास हवे होते. आपणांस एवढे एकच वाक्य येथून नेता आले तरी पुरे: थंडीत दुखणारे बोट जिवंत असते, दुखावयाचे थांबलेल्या बोटाकडे तत्काळ पाहावे.

तेव्हा पायांविषयी नीट ऐका. जोडे एक माप मोठे घ्यावेत. आतून बोटे मोकळी हलली पाहिजेत. एक पातळ आणि एक जाड लोकरीचा, असे दोन मोजे पुरेत. तिसऱ्या मोज्याने जोडा आवळला तर रक्ताचा प्रवाह अडतो आणि हवेला जागाच उरत नाही. कोरड्या मोज्यांचा एक जोड निजण्यासाठी वेगळा ठेवावा आणि दिवसा त्याला हात लावू नये. हातांसाठी पाच बोटांच्या मोज्यांवर पिशवीसारखे, चारही बोटे एकत्र राहणारे मोजे घालावेत. बोटे शेजारी शेजारी असली म्हणजे एकमेकांना ऊब देतात. नाक, कान आणि गाल स्वतःचे स्वतःला दिसत नाहीत. म्हणून जोडीने चालावे आणि अधूनमधून एकमेकांचे चेहरे पाहावेत.

इतके करूनही बोट गोठलेच तर चोळू नये, आगीजवळ धरू नये. बधिर कातडी भाजल्याचे कळत नाही. पुन्हा गोठण्याचा धोका नसेल अशा ठिकाणीच, ३७ ते ३९ अंश इतक्या कोमट पाण्यात ते बुडवून ठेवावे. तापमापक नसल्यास, बाळाच्या आंघोळीचे पाणी आई जसे कोपर बुडवून पाहते, तसे पाहावे. मात्र गोठलेल्या हाताने पाहू नये. वेदना होतील, त्या होणे स्वाभाविक आहे. त्यानंतर त्या पायावर चालू नये आणि शक्य तितक्या लवकर रुग्णालय गाठावे. पुढे पुन्हा गोठण्याची शक्यता असेल तर मात्र ते वितळविण्याची घाई न करता मदतीकडे जाणे श्रेयस्कर.

अवयवापेक्षाही मोठा धोका संपूर्ण शरीर थंडावण्याचा. शरीराचे आतील तापमान ३७ अंशांवरून ३५ च्या खाली गेले की माणूस अडखळतो, शब्द अस्पष्ट उच्चारतो, चिडतो किंवा उदासीन होतो. नेहमीचा बडबड्या सोबती गप्प झाला तर तो थकला आहे असे समजून सोडून देऊ नका. कुडकुडणारा माणूस अद्याप झुंजत असतो. थंडीतच असताना त्याचे कुडकुडणे थांबले तर प्रकरण गंभीर झाले असे जाणावे. ओले कपडे काढून त्याला कोरड्यांत गुंडाळावे, वाऱ्यापासून दूर न्यावे आणि शुद्धीवर असल्यास गोड, गरम पेय द्यावे. मद्य कदापि देऊ नये. मद्याने कातडीतील रक्तवाहिन्या रुंदावतात, क्षणभर ऊब वाटते आणि आतली उष्णता बाहेर निसटते.

आणखी दोन सूचना. विमानाने गेलात तर दिल्लीहून सव्वा तासात आपण साडेतीन हजार मीटर उंचीवर उतराल. पहिले दोन दिवस केवळ विश्रांतीचे समजावेत. डोकेदुखी आणि मळमळ वाढत गेली तर उत्तम कपड्यांचाही उपयोग नाही, खाली उतरणे हाच उपाय. दुसरी सूचना शेगडीची. बंद खोलीत कोळशाची शेगडी अथवा नीट धुराडे नसलेली बुखारी पेटवून निजू नये. तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही. दिल्लीतही दर हिवाळ्यात अशी माणसे दगावतात. ऊब शोधताना प्राण गमावणे यासारखे दुर्दैव नाही.

हे सर्व सामान विकतच घेतले पाहिजे असे नाही. मनालीला आणि लेहला जाड जाकिटे व जोडे भाड्याने मिळतात. जोडे मात्र आधी पायात घालून, मोजे चढवून पाहावेत. पैसे मर्यादित असतील तर ते अंगालगतचे कपडे, मोजे आणि हातमोजे यांवर खर्च करावेत. बाहेरचे जाकीट उसने चालते. अंगालगतचे आणि पायातले उसने चालत नाही. अंथरूण पाहून पाय पसरावेत खरे, पण तेथे पाय उघडे मात्र पडू देऊ नयेत.

मित्रहो, मी आपणांस भिववावयास आले नाही. गोठलेल्या नदीवर पहाटेचे ऊन पडते ते दृश्य विलक्षण असते, असे माझा भाऊ मला आजही सांगतो, आणि मला त्याचा हेवा वाटतो. आपण अवश्य जावे. मागच्या हिवाळ्यात तोही पुन्हा निघाला. त्या खेपेस मी पहाडगंजात त्याला भेटावयास गेले ती पोळ्या-चटणीबरोबर दोन लोकरी पायमोजे आणि या अनुवादातील एका पानाची छायाप्रत घेऊन. पानाच्या तळाशी ती टीप होती. त्याने ती वाचली, घडी करून जाकिटाच्या आतल्या खिशात ठेवली आणि म्हणाला, "ताई, या वेळी जोडे सैल घेतलेत. बघ."

मी त्याच्या जोड्यात हात घालून पाहिला. पुढे चांगली बोटभर जागा होती.

आपला प्रवास सुखरूप होवो.